सेफ्टीचं कुलूप

आमच्या घरी फोन होता आणि त्या फोनला कुलूप होतं. आजच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, आकडे दाबून उघडायचं काहीतरी असेल. नाही बापा! खरंखुरं कुलूप, पितळी, अंगठ्याएवढं, किल्ली लावून बंद होणारं. तेव्हा फोनला गोल चकती असायची, तिच्या भोकात बोट घालून नंबर फिरवायचा. त्याच भोकात बाबा कुलूप अडकवायचे, मग चकती फिरायची नाही. बाहेरून आलेला फोन घेता यायचा, आपण कोणाला लावायचा नाही. किल्ली बाबांच्या स्कूटरच्या जुडग्यात, म्हणजे बाबा जिथे, तिथे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरजवळच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. बाबा केंद्रात सेफ्टी विभागात होते. कोणी हेल्मेट घातलं नाही, कोणी पट्टा न बांधता शिडीवर चढला, की बाबा त्याच्या डोक्यावर हजर. अख्खी कॉलनी त्यांना 'सेफ्टीभाऊ' म्हणायची आणि त्यांना ते भारी आवडायचं. घरातही तोच खाक्या. शेगडीच्या मागे सूचना चिकटवलेली, न्हाणीच्या दारावर सूचना चिकटवलेली. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्हा दोघा भावंडांना समोर उभं करून सूचना तोंडी मिळायच्या.

आई नर्स होती. मूलच्या पुढे जंगलातल्या एका गावी तिचं आरोग्य केंद्र. सकाळच्या एसटीनं जायची ती दिवेलागणीला परत यायची. त्यामुळे मे महिन्यात दिवसभर घरात मी आणि माझा भाऊ, दोघंच. मी दहावीची परीक्षा दिलेली, तो सहावीत जाणारा. दार कोणालाही उघडायचं नाही. उन्हात पाय ठेवायचा नाही. कॉलनीच्या कुंपणाजवळ बिबट दिसला होता, म्हणून तिकडे फिरकायचं नाही. हे सगळं दोघांसाठी. फोनचं मात्र फक्त माझ्यासाठी.

त्याचं कारण असं की त्याच उन्हाळ्यात कॉलनीतली एक मुलगी एका पोरासोबत निघून गेली होती, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की ते फोनवरून जमलं. कोणी ऐकलं होतं? कोणी नाही. पण दुसऱ्या दिवशी बाबा कुलूप घेऊन आले. "काळ खराब हाय," ते आईला म्हणाले. "दिवसभर पोरगी घरी एकटी राह्यते. सेफ्टी पाह्यजे." आई म्हणाली, "अवो, पन काही झालं त फोन कसा लावतीन पोट्टे?" तर म्हणे, "मी दुपारी ऑफिसातून लावतो ना. पोट्टा उचलंन आन् सांगंन." मी घरात असताना फोन उचलायचा कोणी, तर अकरा वर्षांच्या पोरानं. मला तेव्हाही संताप आला होता. पण मी गप्प बसले, कारण माझा जीव दुसरीकडे अडकला होता.

मला नागपूरला जायचं होतं. अकरावी सायन्स घ्यायचं, मुलींच्या वसतिगृहात राहायचं. हे बाबांनी स्वतः कबूल केलं होतं. आमच्या घरी भिंतीवर ज्यांचा फोटो होता त्यांनी शिका म्हणून सांगितलेलं, आणि एप्रिलमधल्या जयंतीला बुद्धविहारासमोर माइक हातात घेऊन बाबा दरवर्षी तेच सांगायचे. मुलगी शिकली पाहिजे, मुलगी मागे राहिली तर समाज मागे राहील. टाळ्या पडायच्या. त्या वर्षी भाषण करून आले आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्यासाठी पत्र्याची पेटी घेऊन आले. हिरवी, नवीन, कडीला तेल लावलेली. ती पेटी माझ्या खाटेखाली होती. रोज दुपारी मी ती ओढून काढायची, उघडायची, आत काहीच नसायचं, तरी बघायची आणि परत आत सरकवायची. निकाल जूनमध्ये लागणार होता. मला कसली चिंता नव्हती.

आता भावाचं सांगते. पोट्टा महाखटपट्या. रेडिओ उघड, टॉर्च उघड, कूलरच्या मोटरीत बोट घाल. कुलूप लागून चार दिवस झाले नसतील, यानं त्याच्यावर इलाज काढला. रिसीव्हर उचलला की ज्या खुंटीवर तो ठेवलेला असतो ती वर येते. ती खुंटी बोटानं टकटक दाबायची. पाच आकडा हवा तर पाचदा, सात हवा तर सातदा, शून्य हवा तर दहादा, आणि दोन आकड्यांच्या मधे जरा दम घ्यायचा. चकतीला हातही लावायचा नाही. फोन लागतो! मित्राला लावून विचारायचा, मॅच किती वाजता, बॅट कोण आणणार. मी शेजारी भाजी निवडत बघायची. म्हणायची, "बाबाले समजलं त चामडं सोलतीन." तो दात काढायचा. मी सांगितलं नाही. भावंडं एकमेकांची अशी गुपितं राखतातच, त्यात काय मोठं.

एका दुपारी बाबांचा रोजचा फोन येऊन गेला आणि मी कपडे धूत होते तेव्हा तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पसार झाला. मॅच होती. चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसालाच ठाऊक. त्या वेळी कुत्रंही नालीबाहेर निघत नाही. हा तासन्‌तास उघड्या डोक्यानं खेळला आणि भिंतीवरून परत आला तो स्वयंपाकघरात धाडकन पडला. मी धावले. अंग तव्यासारखं, घाम म्हणून नाही, डोळे वर, हातपाय ताठ. तोंडातून काहीतरी बरळत होता, शब्द नव्हते ते. लू लागली होती. नर्सची पोरगी मी, एवढं कळत होतं. चादर भिजवून त्याच्यावर टाकली, डोक्यावर माठातलं पाणी ओतलं. पण त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि मी एकटी.

बाहेर पळाले. आमच्या ब्लॉकच्या सगळ्या दारांना कुलपं, सुट्टीत लोक गावी गेलेले. पलीकडच्या ब्लॉकची दोन दारं बडवली. आत कूलरची घरघर, खिडक्या बंद, कोणाला ऐकू जाणार? तेवढ्यात वाटलं, तो घरात एकटा आहे, माघारी जाईन तेव्हा मेलेला असेल तर? तशीच उलटी पळत घरी आले. फोनपुढे बसले. ते पितळी कुलूप भोकात बसलेलं, चकचकीत. मी त्याला ओढलं, उलथन्यानं उचकटलं, दातसुद्धा लावले. आणि मग आठवलं, खुंटी.

कान स्वयंपाकघरातल्या त्याच्या बरळण्याकडे, डोळे खुंटीवर. बाबांच्या ऑफिसचा नंबर टकटक करत लावला. कुठेतरी एक टिचकी कमी पडली किंवा जास्त झाली. पलीकडून करवतीचा कर्कश आवाज आला आणि एक माणूस ओरडला, "हालो! आरामशीन!" लाकडं कापायच्या गिरणीत फोन लागला होता.

मी म्हटलं, "सेफ्टी द्या, बाबाले द्या."

"राँग नंबर लागला बाई," तो म्हणाला. मग मी रडते आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं कोणाला तरी ओरडून मशीन बंद करायला लावली. "काऊन रडून राह्यली? काय झालं?"

मी सांगितलं. भाऊ, लू, कुलूप, कोणी नाही. काय आणि कसं सांगितलं देव जाणे. तो म्हणाला, "हे पाय बाई, रडू नोको. दवाखान्याचा नंबर हाय का तुह्यापाशी? सांग. मी लावतो. क्वार्टर नंबर सांग. आन् तुह्या फोनचा नंबर दे, मी उलटा लावून सांगतो गाडी निघाली का नाई ते." मी सगळे नंबर दिले. का नाही देणार? माझा भाऊ मरत होता.

त्यानं खरंच उलटा फोन केला. "गाडी निघाली बाई. दार उघडं ठेव." आणि ॲम्ब्युलन्स आली. कॉलनीच्या दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावली. बाबा आले, संध्याकाळी आई थेट एसटीवरून तिथेच आली. डॉक्टर आईला म्हणाले, "सिस्टर, वेळेवर आणला म्हणून वाचला. अर्धा तास गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." बाबाही शेजारी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. वेळेवर आणला कोणी, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. मीही तेव्हा त्याची वाट पाहत नव्हते. पोट्टा डोळे उघडून पाणी मागत होता, तेवढं मला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ दवाखान्यातच, आई त्याच्यापाशी. मी आणि बाबा डबा न्यायला घरी आलो होतो. फोन वाजला. बाबांनी उचलला. मी पोळ्या लाटत होते, मला फक्त बाबांचं ऐकू येत होतं.

"कोन? कोन बाई?... कोन बोलून राह्यला तू?... तुले हा नंबर कोनं देल्ला?"

मग पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. रिसीव्हर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "आरामशीनवरचा कोनी मानूस हाय. म्हन्ते, बाई हाय का घरी, पोट्टा कसा हाय ते तिले विचाराचं होतं. म्हन्ते, तिनंच नंबर देल्ता."

मी खुश होऊन म्हटलं, "बाबा, त्यायनंच त दवाखान्यात फोन केला! राँग नंबर लागला होता माह्याकडून."

"राँग नंबर लागला," बाबा हळूच म्हणाले. "कुलूप लागल्या फोनवरून."

तेव्हा मला कळलं की पाणी कुठे मुरतं आहे. मी त्यांना खुंटीचं सांगितलं. विश्वास बसेना. म्हणाले, "दाखव." मी हात पुसले, फोनपुढे बसले आणि त्यांच्याच ऑफिसचा नंबर टकटक करून लावला. आदल्या दिवशी घाईत चुकला होता, आता चुकला नाही. पहिल्या झटक्यात लागला. पलीकडून त्यांच्या साहेबाचा आवाज आला, "सेफ्टी." मी रिसीव्हर बाबांच्या पुढे धरला. मूर्ख! मला वाटलं, आता सुटले. डोळ्यांदेखत दाखवलं, आता आणखी काय पाहिजे.

बाबांनी रिसीव्हर घेतला नाही. खुंटी दाबून फोन बंद केला. म्हणाले, "म्हंजे सवय हाय तुले."

रिसीव्हर अजून माझ्याच हातात होता.

"कुलूप लावलं तवापासून तू फोन करून राह्यली. आमी समजून राह्यलो, पोरगी सेफ हाय."

माझ्या जिभेवर भावाचं नाव आलं होतं. पण तो सलाईनवर होता, आणि रागाच्या भरात बाबा दवाखान्यात जाऊन त्याला काय म्हणतील याचा नेम नव्हता. मी ते गिळलं. बरा होऊन घरी आला की तोच सांगेल, असं मला वाटलं. माणूस इतकं भोळं असू नये.

तो घरी आला. मी त्याला मोसंबी सोलून दिली आणि म्हटलं, "बाबाले सांग ना बापा, खुंटीचं तू शिकवलं म्हनून." तो म्हणाला, "मले मारतीन." मी हात जोडले. खरंच जोडले, अकरा वर्षांच्या पोरापुढे. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. शेवटी मीच बाबांना सांगितलं. तर बाबा म्हणाले, "आता लहान्या भावावर ढकलून राह्यली? मरता मरता वाचला तो. शरम वाटली पाह्यजे." भावाला बोलावून विचारलंही नाही. विचारायची गरजच नव्हती, त्यांचं ठरलेलं होतं.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. म्हणाली, "मले समजते पोरी. पन तुह्या बाबाच्या डोक्यात एकदा शिरलं का शिरलं. जाऊ दे एक साल." काय जाऊ दे? माझं साल का म्हणून जाऊ दे? पण आई कधी बाबांसमोर बोललीच नाही. त्या माणसाला परत एक फोन करून, पोट्टा वाचला हो भाऊ, एवढंही आम्ही सांगितलं नाही. त्याचा नंबर माझ्याजवळ नव्हताच. तो तर चुकून लागला होता.

जूनमध्ये निकाल लागला. मार्क नागपूरला पुरतील त्याहून जास्त होते. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी सांगितलं की नागपूर बंद. "तिथं वसतिगृहात फोन राह्यते, कोन पायते मंग? काळ खराब हाय. मले तुही काळजी हाय." काळजी! त्या शब्दाची मला आजही चीड येते. मला मारलं असतं तर सोसलं असतं. चंद्रपूरला आर्ट्सला घातलं. सायन्स नको, कारण प्रॅक्टिकलला उशीर होतो. कॉलेजला बाबा स्कूटरवर सोडायचे आणि स्कूटरवर आणायचे. फोन पुढच्या खोलीतून उचलून त्यांच्या खाटेजवळ गेला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला लग्न झालं आणि मी गडचिरोलीला आले. पुढच्या एप्रिलमध्येही बाबांनी विहारासमोर भाषण केलं असेल. मी ऐकायला नव्हते.

हिरवी पेटी भाऊ घेऊन गेला. तो इंजिनियरिंगला नागपूरला गेला तेव्हा तिच्यात कपडे भरून गेला. सोबत बाबांनी त्याला मोबाईल घेऊन दिला. कॉलनीत तेव्हा कमी जणांकडे असेल. "पोरगा बाहेर राह्यते," ते सगळ्यांना सांगायचे, "फोन पाह्यजेच. सेफ्टी."

त्याला पुण्यात नोकरी लागली त्या दिवाळीत आम्ही सगळे कॉलनीत जमलो. बाबा निवृत्तीला आलेले, काका-काकू आलेले, माझी पाच वर्षांची मुलगी घरभर नाचत होती. मी चहा गाळत होते. बाहेर जुन्या फोनचा विषय निघाला आणि भाऊ हसत हसत म्हणाला, "बाबा, तुमचं ते कुलूप काही कामाचं नव्हतं. मी खुंटी दाबून दाबून सगळीकडे फोन लावायचो. सहावीतही गेलो नव्हतो तेव्हापासून!"

त्यानं ते गमतीत सांगितलं. त्याला आठवतही नसावं की कधी कोणी त्याच्यापुढे हात जोडले होते. गाळणं माझ्या हातात तसंच राहिलं. मला वाटलं, आता. आता बाबांना आठवेल. आता ते आत बघतील.

बाबांनी मांडीवर थाप मारली आणि जोरात हसले. काकांना म्हणाले, "पाहा! मी म्हनत नोहतो? लहानपनापासून डोकंच इंजिनियरचं हाय याचं!"

सगळे हसले. मी ट्रे घेऊन बाहेर आले, कप प्रत्येकाच्या हातात दिला, बाबांच्याही दिला. आणि म्हटलं, "बाबा, मीही तसाच लावला होता. मग माझं डोकं कशाचं होतं?"

आवाज चढवला नव्हता मी. आई पदराशी चाळा करू लागली. भावानं एकदा माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा उतरला, म्हणजे आठवलं असावं. बाबांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "तुही गोष्ट वेगळी होती. पोरीच्या जातीची काळजी घ्या लागते."

एवढंच. इतक्या वर्षांनी एवढंच!

तेवढ्यात माझ्या मुलीनं भावाचा मोबाईल टीपॉयवरून उचलला आणि कानाला लावून "हालो, हालो" करायला लागली. बाबांनी कप खाली ठेवला, तिच्या हातातून तो अलगद काढून घेतला आणि भावाला म्हणाले, "पोरीच्या हाती फोन देऊ नोको रे. सवय लागते."

मी बाबांच्या मुठीतून तो फोन काढला. काढावा लागला, सहज सुटला नाही. मुलीच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "घे. कोणाला लावायचा त्याला लाव."

ती आनंदानं दिसेल ते बटण दाबत बसली. बाबा माझ्याशी त्या दिवाळीत पुन्हा बोलले नाहीत. भाऊबीजेला थांबले नाही मी, सकाळच्या एसटीनं मुलीला घेऊन गडचिरोलीला निघून आले.